विश्लेषण : अकरा महिन्यांच्या शहरात आरोग्य स्वयंसेविका घरापर्यंत पोहोचणार कशी?

मुंबईत भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा असतो. बाळाच्या लसीकरणाचे वेळापत्रक मात्र जन्माच्या दिवशी सुरू होते आणि सहावा, दहावा, चौदावा आठवडा, नववा ते बारावा महिना असे करत सोळा ते चोवीस महिन्यांपर्यंत चालते. म्हणजे भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातील मूल गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसच्या वयाचे होते, तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच घरात, कदाचित दुसऱ्याच महापालिकेच्या हद्दीत असते. या मुलाला शोधून डोसपर्यंत आणण्याचे काम महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकेवर आणि शहरी भागातील ‘आशा’ कार्यकर्तीवर आहे. त्यांचे मानधन किती, त्या कर्मचारी की स्वयंसेवक, यावर अनेक वर्षे वाद सुरू आहे आणि तो रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. या कामाची आखणीच गाव डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे आणि शहरात तिचा हिशेब जुळत नाही.

स्वयंसेविका शहरात आल्या कुठून?

‘आशा’ योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, हे बहुतेकांना ठाऊक असते. शहरातील स्वयंसेविका त्याहून जुनी आहे. शहरी वस्त्यांतील आरोग्यसेवेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या कृष्णन समितीने १९८२ मध्ये वस्तीपातळीवर आरोग्य केंद्रे उभारण्याची शिफारस केली आणि त्यांच्यासाठी दर दोन हजार लोकसंख्येमागे एक स्थानिक स्त्री कार्यकर्ती असावी, असे सुचवले. पुढे १९८८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई आणि चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) ‘भारत लोकसंख्या प्रकल्प-५’ सुरू झाला. मुंबईतील आरोग्य केंद्रांचे आजचे जाळे आणि तिथल्या स्वयंसेविका ही त्या काळाची देणगी. वस्तीतलीच बाई, दिवसाचे काही तास काम, त्यासाठी थोडे मानधन अशी ती कल्पना होती. नावात ‘स्वयं’ आहे ते तेव्हापासूनच.

प्रकल्पाच्या नावातूनच कळते की भर कुटुंबनियोजनावर आणि माता-बाल आरोग्यावर होता. नंतर क्षयरोग आला, कुष्ठरोग, पोलिओ, हिवताप, डेंग्यू, करोना आला. आता तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब-मधुमेहाचा धोका तपासणारा अर्जही तिच्याच पिशवीत असतो. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी मिळाली आणि दर २०० ते ५०० कुटुंबांमागे एक ‘शहरी आशा’ हा निकष ठरला. त्यामुळे मुंबईत आज दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी आहेत : पालिकेच्या सुमारे चार हजार आरोग्य स्वयंसेविका आणि अभियानातील आशा. कागदावर त्यांचे पदनाम, मानधन आणि साहेब वेगळे. वस्तीच्या लेखी दोघी ‘दवाखान्यातल्या ताई’च.

(गावाकडच्या वाचकांसाठी एक खुलासा : ग्रामीण भागात ‘आरोग्य सेविका’ म्हणजे उपकेंद्रातील प्रशिक्षित परिचारिका. मुंबईत बोलीभाषेत ते नाव स्वयंसेविकेलाही लावले जाते. पगारातला फरक मात्र नावासारखा पुसट नाही.)

गावातल्या ‘आशा’पेक्षा काम वेगळे कसे?

‘आशा’ ही गावची सून असावी, तिथेच राहणारी असावी, या अटीमागे शहाणपण होते. गावात कोणाच्या घरी दिवस गेले आहेत, कोण खोकतो आहे, कोणाची लेक बाळंतपणाला आली आहे, हे तिला विचारावे लागत नाही. पाणवठ्यावर, लग्नात, बचतगटाच्या बैठकीत ते आपोआप कळते. तिच्या कामाचा निम्मा भाग म्हणजे ही माहिती आणि ती तिला फुकट मिळते.

शहरात हीच माहिती कष्टाने मिळवावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी ५२ लाखांच्या आसपास लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. तिथे एका दारामागे घरमालक, पोटमाळ्यावर भाडेकरू आणि मागच्या खोलीत जरीकाम करणारी चार पोरे, अशी तीन बिऱ्हाडे असू शकतात. सकाळी दहा वाजता गल्लीत गेले तर निम्म्या घरांना कुलूप असते. बायका धुणी-भांड्याला, पुरुष नाक्यावर, मुले शाळेत. दार उघडले तरी खरी माहिती मिळेलच असे नाही. भाडेकरूचे नाव सरकारी कागदावर चढले तर उद्या झोपडपट्टी पुनर्वसनात तो हक्क सांगेल, अशी मालकाला धास्ती असते. ‘कोणी विचारले तर पाहुणे आहोत म्हणून सांगा,’ अशी ताकीद दिलेली असते. वहीत कुटुंबांची नोंद करणारी स्वयंसेविका आणि पात्रतेचे सर्वेक्षण करणारा माणूस यांच्यातला फरक दाराआडून दिसत नाही. धारावीत २०२४ पासून पुनर्विकासासाठी घरोघर सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हापासून तिथे वही घेऊन येणाऱ्या कोणाकडेही लोक सावधपणे पाहणार, हे उघड आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत हे अधिक नाजूक होते. खोलीमालकाला कळले तर खोली जाईल, शेठला कळले तर काम जाईल. म्हणून रुग्ण ताईंना ‘घरी येऊ नका, मीच नाक्यावर भेटतो,’ असे सांगतो. नाक्यावर औषध पोहोचते, पण घरातल्या बाकीच्यांची तपासणी, लहान मुलांना द्यायची प्रतिबंधक गोळी आणि खोलीत वारा येतो की नाही हे पाहणे नाक्यावरून होत नाही.

गोवंडीतील गोवराने काय दाखवले?

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ आली. सुरुवात गोवंडीतून झाली, मुले दगावली, केंद्राचे पथक आले. करोनाकाळात रखडलेले लसीकरण हे त्यामागचे मुख्य कारण. मग घरोघर सर्वेक्षण झाले, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्याची मोहीम निघाली आणि जिथे लहान बाळांत रुग्णांचे प्रमाण जास्त होते, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही डोस देण्याचे ठरले.

गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा आजार. त्याला रोखायचे तर वस्तीतील सुमारे ९५ टक्के मुले लसवंत असावी लागतात. उरलेली पाच टक्के मुले कोणती, हे या साथीत महत्त्वाचे ठरते. ती बहुतेकदा नोंदीतच नसलेली मुले असतात. ‘आमच्या यादीतील ९५ टक्के मुलांना डोस दिला,’ आणि ‘आमच्या गल्लीतील ९५ टक्के मुलांना डोस दिला,’ ही दोन वाक्ये सारखी वाटतात, पण त्यांच्या मधल्या फटीत साथ राहते. यादी आणि गल्ली यांच्यातले अंतर कमी करणे हेच शहरातल्या स्वयंसेविकेचे खरे काम आहे, आणि नेमके याच कामाचा वेगळा मोबदला कुठे दिसत नाही.

पैसे कशाचे मिळतात?

आशांच्या मोबदल्याची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. नियमित कामांसाठी केंद्राकडून महिन्याला दोन हजार रुपये मिळत होते. ते साडेतीन हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. महाराष्ट्राने संपानंतर नोव्हेंबर २०२३ पासून मानधनात पाच हजारांची वाढ दिली. बाकी सारे कामागणिक. जननी सुरक्षा योजनेत शहरी भागातील पात्र मातेमागे ४०० रुपये : निम्मे गरोदरपणातील तपासण्यांसाठी, निम्मे दवाखान्यातील बाळंतपणासाठी. नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये. पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाले तर १०० रुपये. क्षयरोगाचा साधा रुग्ण औषधोपचार पूर्ण करून बाहेर पडला तर हजार, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा रुग्ण असेल तर पाच हजार.

यातील प्रत्येक रक्कम कामाच्या शेवटाला बांधलेली आहे. गावात ते चालून जाते, कारण तिथे सुरुवात आणि शेवट एकाच पंचक्रोशीत होतात. शहरात तसे होत नाही. सातव्या महिन्यापर्यंत एका बाईच्या मागे लागून तिची नोंदणी, रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी सारे ताईंनी करून घेतले. मग बाई रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी बीडला किंवा गोरखपूरला गेली. बाळंतपणाचा मोबदला गेला, पुढच्या सहा घरभेटींचाही गेला. तीन-चार महिन्यांनी बाई बाळाला घेऊन परत आली, तर कधी दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्या ताईंच्या हद्दीत. त्या दुसऱ्या ताईंना हे बाळ आपल्या गल्लीत आले आहे हे कळायला हवे. कळले तरी मधले कोणते डोस झाले आणि कोणते राहिले, हे माहेरी राहिलेल्या कार्डावरच असते.

अशा वेळी ज्या कामाला पैसे नाहीत ते काम मागे पडते, यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. आठवड्यात चाळीस घरांचे अर्ज भरायचे असतील, तर ताई आधी उघड्या दारांकडे जाणार. कुलूप असलेल्या दाराशी तिसऱ्यांदा जाण्यात तिचा वेळ जातो, अर्ज भरत नाही. अहवालात मात्र काम पूर्ण दिसते. उघड्या दारांमागे घरी असलेली, आधीच कार्ड असलेली, त्यातल्या त्यात स्थिर कुटुंबे असतात. ज्यांच्यासाठी ही सारी यंत्रणा उभी केली, ती कुटुंबे कुलपामागे राहतात.

हे आधी कधी जमले नव्हते का?

जमले होते, आणि याच बायकांनी जमवले होते. पल्स पोलिओच्या काळात घरोघर फिरणारे पथक दारावर खडूने खूण करत असे. घरातल्या सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. घर बंद असेल, मूल बाहेर गेले असेल किंवा पालकांनी नकार दिला असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’ची घरे वेगळी मोजली जात, त्यांच्याकडे पुन्हा जावेच लागे आणि वरच्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ‘किती एक्स राहिले?’ हाच असे. रेल्वे स्थानके, बस आगारे, बांधकामांवरची पाले, वीटभट्ट्या इथे वेगळी पथके असत. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

त्या मोहिमेत बंद दार हे अपयश म्हणून लपवले जात नसे. ती कामाची पुढची यादी असे. पोलिओची मोहीम काही दिवसांची होती, तिच्यामागे प्रचंड पैसा आणि माणसे होती. रोजच्या आरोग्यसेवेला तेवढी ताकद मिळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ‘एक्स’ मोजण्याला फार पैसा लागत नाही. मासिक अहवालात ‘किती घरांना भेट दिली’ या रकान्याशेजारी ‘किती घरे तीन भेटींनंतरही मिळाली नाहीत’ हा रकाना असला आणि तो भरल्याबद्दल ताईंना दटावले गेले नाही, तरी बरेच चित्र बदलेल.

ॲपमुळे हे सुटत नाही का?

थोडे सुटते. ‘यू-विन’ या संगणकीय नोंदणीमुळे बाळाला देशात कुठेही लस घेता येते आणि आधीचे डोस दिसतात. माहेरी राहिलेल्या कार्डाची अडचण त्यामुळे कमी व्हावी. पण नोंद मोबाइल क्रमांकाशी जोडलेली असते. क्रमांक नवऱ्याचा, नवरा कामावर, आणि रिचार्ज संपले की सिमकार्डच बदललेले. डोस चुकल्याचे ॲपला कळते. कुटुंब साठे नगरातून उठून मुंब्र्याला गेले, हे शेजारणीला कळते. शेजारणीशी बोलायला माणूसच लागतो.

मुंब्र्याचा उल्लेख उगाच नाही. मुंबईतील भाडी वाढतात तशी कुटुंबे दिवा, मुंब्रा, नालासोपारा, भिवंडीकडे सरकतात. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. नोकरी, लोकल आणि आजार या नऊही हद्दींतून ये-जा करतात. एका महापालिकेच्या स्वयंसेविकेने दुसरीच्या स्वयंसेविकेला ‘हे कुटुंब तुमच्याकडे आले आहे’ असे कळवण्याची नियमित सोय असायला हवी. आज हे ओळखीपाळखीवर चालते. ताईंच्या व्हॉट्सॲप समूहांनी जे काम चालवले आहे, ते खरे तर सरकारी यंत्रणेचे आहे.

झोपडी जाऊन इमारत आली की काम सोपे होते?

उलट अनेकदा अवघड होते. गल्लीत दारे समोरासमोर असतात, माणसे उंबऱ्यावर बसतात. पुनर्वसनाच्या इमारतीत दार बंद, लिफ्ट बंद आणि गल्लीतल्या ओळखी पांगलेल्या. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाऊंडमधील दाटीने उभ्या इमारतींच्या अभ्यासात ऊन-वारा न मिळणारी घरे आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला होता. खालच्या मजल्यांवर परिस्थिती अधिक वाईट होती. म्हणजे रुग्ण अधिक आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण. तरी निकष मोजतो ती फक्त डोकी. सात मजले चढून जाणाऱ्या पन्नाशीच्या ताईंना आणि सपाट गल्लीतल्या ताईंना कुटुंबांचा आकडा एकच.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट संघटना अनेक वर्षे सांगत आहेत : कर्मचारी म्हणून मान्यता, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी. त्यासाठी आझाद मैदानात आंदोलने झाली, न्यायालयाची दारेही ठोठावली गेली. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांतर्गत राबणाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला आणि त्यांना मिळणारे ‘मानधन’ हे प्रत्यक्षात वेतनच असल्याचे मान्य केले. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. गौरव लगेच स्वीकारला गेला. श्रम परिषदेची शिफारस अजून वाट पाहते आहे.

निश्चित पगार दिला तर काम ढिले पडेल, कामागणिक मोबदला हवाच, असा युक्तिवाद प्रशासनाकडून होतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मोजता येणाऱ्या कामाला प्रोत्साहन देता येते. क्षयरोग्याचे औषध पूर्ण होणे हे तसे काम आहे आणि ती रक्कम राहू द्यावी. परंतु आपल्या हद्दीत कोण राहते हे माहीत असणे, हे असे काम नाही की ज्याचा दर अर्जामागे दहा रुपये असा लावता येईल. त्याला पूर्ण वेळचा पगारच लागतो. ब्राझीलमध्ये समाज आरोग्य कार्यकर्ता हा सरकारी यंत्रणेचा पगारी भाग आहे. त्याने आपल्या हद्दीतच राहावे आणि साडेसातशेहून अधिक लोक त्याच्याकडे असू नयेत असा तिथला दंडक आहे, आणि २०२२ मध्ये घटनादुरुस्ती करून त्याला किमान वेतनाच्या दुपटीची हमी देण्यात आली. तिथेही मोठी शहरे आहेत, तिथेही वस्त्या हलतात.

खर्चाचे म्हणाल तर मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. चार हजार बायकांचे पगार त्यात मावणार नाहीत, असे म्हणणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘आपला दवाखाना’ सुरू करताना पालिकेने कामकरी लोकांचा विचार करून तो रात्री दहापर्यंत उघडा ठेवला. घरभेटी मात्र सकाळ-दुपारच्याच राहिल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोघींनी मिळून, त्याचा वेगळा भत्ता घेऊन आणि त्याबदल्यात सकाळी सुट्टी घेऊन भेटी झाल्या, तर कुलपे कमी होतील आणि रक्तदाब तपासायला घरातला पुरुषही सापडेल. दोघी हव्यात हे महत्त्वाचे. अंधारात एकट्या बाईला गल्लीत पाठवून आकडे वाढवणे हा उपाय नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. जी ताई निवृत्त होते, तिच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांची ओळख जाते. नवी ताई येण्याआधी दोन महिने जुनीबरोबर फिरली, तर निदान दारे तरी ओळखीची होतील. आज जागा रिकामी राहते आणि ती हद्द शेजारच्या ताईंच्या वहीत ‘अतिरिक्त’ म्हणून जोडली जाते.

देशाची पुढची जनगणना २०२७ ची आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख. मुंबईत किती आशा, किती स्वयंसेविका, किती आरोग्य केंद्रे, याचे गणित सोळा वर्षांनी नव्या आकड्यांवर मांडले जाईल. नव्या लोकसंख्येला जुन्या निकषाने भागून तेवढ्या जागा भरल्या, तर शहरात ताई वाढतील, पण कुलूप असलेल्या दाराशी तिसऱ्यांदा जायला कोणालाच वेळ नसेल. हद्द ठरवताना भाडेकरू किती, बंद घरे किती, मजले किती, हेही मोजायचे का, हे महापालिकेला त्याआधीच ठरवावे लागेल.